पेंढ्यापासून दूर

पेणजवळच्या जोह्याच्या गणपती कारखान्यात पुतळी कामाला होती; पाठवायच्या मूर्ती ती पेंढ्यात बांधायची. घर कारखान्याला लागूनच. पेंढा भिजू नये म्हणून अर्धा तिच्याच पडवीत रचलेला असायचा. तिची सहा वर्षांची लेक सरू त्या ढिगावर खेळत वाढली.

१९९४ साली सरूला रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईच्या इस्पितळातल्या औषधांनी केस गेले, पण पोर सावरू लागली. मध्ये थोडे दिवस घरी आली आणि तिला ताप चढला. नेहमीच्या औषधांनी तो उतरेना. परत मुंबईला नेलं. छातीचा फोटो आणि तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुप्फुसात बुरशी धरलीय."

"भाकरीला धरते ती?"

"तसलीच. तुम्हाआम्हाला सहसा काही करत नाही. पण कॅन्सरच्या औषधांनी हिची ताकद कमी झालीय."

पुतळीच्या डोळ्यांपुढे पडवीतला पेंढा आला. "माझ्यामुळं झालं व्हय?"

"कुठून आली ते सांगता येत नाही. ती हवेतच असते. पण यापुढे ओल, धूळ, पेंढा यांपासून लांब ठेवा."

बुरशीवरचं औषध सलाइनमधून दिलं जायचं. ते सुरू झालं की सरू थंडीने कुडकुडायची. पुतळी तिला कवेत घेऊन बसायची. हळूहळू ताप उतरला. पण आता घरी न्यायचं कसं?

रोह्याला पुतळीच्या माहेराशेजारी ज्यू कुटुंबातल्या मिरियमबाई एकट्या राहायच्या. मुलगे इस्रायलला गेलेले. त्यांना कळलं तसा त्यांनी निरोप धाडला, "माझी माडी रिकामी हाय, कोरडी हाय. पोरीला घेऊन ये गो."

पुतळीचा नवरा महिपती त्याच कारखान्यात मूर्ती रंगवायचा. तो कुरकुरला, "ऐन सीझनला तू नाय, तर बांधणार कोण?"

"बांधील कोणी पण. हिला आई एकच हाय."

पुतळी सरूला घेऊन रोह्याला माडीवर राहायला गेली. दर रविवारी महिपती पेणहून गाडीने रोह्याला यायचा, आधी विहिरीवर आंघोळ करायचा, धुतलेले कपडे घालायचा, मगच माडी चढायचा. एकदा सरू वरून ओरडली, "बाबा, साबण लावलाव का?" पोर आजारी पडल्यापासून महिपती पहिल्यांदाच खळखळून हसला.

दोन वर्षांनी कॅन्सरची औषधं थांबली. छातीचा फोटो स्वच्छ आला. तोवर महिपतीने पेंढा शेताच्या कडेला नव्या शेडमध्ये हलवला होता.

निघताना मिरियमबाई एसटी स्टँडपर्यंत आल्या. "आता माझ्या माडीवर धावणार कोण गो?"

"मे महिन्यात येते ना," सरू म्हणाली आणि खिडकीची जागा पकडायला आधी चढली.