हिरव्या पिंपातली गाजराची फुलं

दुकानात तिला सगळे तारीखकाकू म्हणत. तिचं खरं नाव मालकालासुद्धा फक्त पगाराच्या दिवशी आठवत असे. दूध, दही, चीज, अंडी, म्हणजे जो माल लवकर खराब होतो तो सगळा काकूच्या ताब्यात. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती एकेक पाकीट हातात घेई, चष्मा कपाळावर सरकवून तारीख वाची आणि जवळच्या तारखेचं पुढे, लांबच्या तारखेचं मागे अशी मांडणी करी. एखादं गिऱ्हाईक कपाटात खांद्यापर्यंत हात घालून मागचं पाकीट ओढायला लागलं, की हिचा आवाज आलाच म्हणून समजा.

"अहो, पुढचं काय चावतंय का? संध्याकाळपर्यंत पिऊनच टाकणार ना ते दूध?"

गिऱ्हाईक ओशाळून पुढचं उचली. पावाच्या फळ्या सांभाळणारा एकजण होता, त्याला सगळे पाववाला म्हणत. तो तिची फिरकी घ्यायची एकही संधी सोडत नसे.

"काकू, माझी तारीख बघा बरं. संपत आली का?"

"तुझी केव्हाच संपली. अर्ध्या किमतीची पट्टी लावून ठेवलंय तुला, तरी कोणी उचलत नाही."

घरीही तिचा तोच खाक्या. नवरा अकाली गेला, तेव्हा लेक जेमतेम बोलायला लागली होती. दोन खोल्यांत त्या दोघीच. पानात काही टाकायचं नाही, हे लेकीनं चालायला शिकता शिकताच ऐकलं असेल. लाडाचं नाव चिऊ, आणि खाणंही लहानपणापासून चिमणीचंच. गाजर दिसलं की तोंड फिरवायची. मग काकूनं युक्ती काढली. गाजराला सुरीनं उभ्या खाचा पाडायच्या आणि मग चकत्या कापायच्या, म्हणजे प्रत्येक चकतीचं फूल होतं. फूल म्हटल्यावर पोरगी खायची. आता चिऊ कॉलेजात जात होती, आईपेक्षा उंच झाली होती, तरी डब्यात फुलं असायचीच.

आणि डबा कसा परत यायचा? चाटूनपुसून! कोपऱ्यात शीत सापडणार नाही. काकूला त्याचा कोण अभिमान. दुकानात कुणी आपल्या पोरांच्या खाण्याच्या तक्रारी सांगायला लागलं, की ही हळूच म्हणे, "माझ्या लेकीचा डबा बघा एकदा. धुवायची गरज नसते." पोरगी अंगानं भरत नव्हती, भर उन्हाळ्यात ढगळा स्वेटर घालून हिंडत होती, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. रात्री झोपलेल्या लेकीच्या गालाकडे बघत ती पडून राही. पण डबा रिकामा येतोय ना, मग अभ्यासाचा ताण असेल, अशी ती मनाची समजूत घाली.

मग मालकानं ते प्रमाणपत्राचं मनावर घेतलं. अन्न कमीत कमी वाया घालवणाऱ्या दुकानांना एक संस्था प्रमाणपत्र देत असे, आणि दाराच्या काचेवर लावायला हिरवी पाटीही. समोरच्या कोपऱ्यावर मोठं चकचकीत दुकान उघडल्यापासून मालकाचा जीव वरखाली होत होता. पाटी लागली तर निदान चार गिऱ्हाइकं तरी परत फिरतील, असं त्याला वाटे.

संस्थेकडून तपासणीच्या बाई आल्या. मागच्या गल्लीत झाकणाचा हिरवा पिंप होता. विकताही येत नाही आणि कुणाला देताही येत नाही असं अन्न त्यात जाई, आणि रोपवाटिकेची गाडी येऊन ते खतासाठी घेऊन जाई. बाई म्हणाल्या, "नुसतं वजन सांगू नका. काय टाकलं जातंय आणि का, ते कळलं पाहिजे. महिनाभर गाडी यायच्या आधी पिंप उपडा करा आणि वेगवेगळे ढीग लावा. पावाचा वेगळा, दुधातुपाचा वेगळा, फळंभाज्यांचा वेगळा. बाकी राहील ते इतर."

काकूची पाठ धरलेली, म्हणून ढिगांचं काम पाववाल्याकडे गेलं. पहिल्याच आठवड्यात तो नाक चिमटीत धरून हसत आला.

"काकू, इतरमध्ये रोज घरचं जेवण निघतंय. भात, उकडलेलं अंडं, भाजी. कागदी रुमालात गुंडाळून टाकलेलं. आपल्यातलाच कोणीतरी दिसतोय. बायकोच्या हाताला चव नसेल बिचाऱ्याच्या."

काकूचा पारा चढला. "चव नसेना का! ती पहाटे उठून करते ना? पोटात गेलं म्हणून दिवसभर निर्धास्त असेल ती. सापडू दे तो, कान उपटते की नाही बघ."

पुढे एकदा पाववाला तापानं घरी राहिला आणि पिंप काकूच्या वाट्याला आला. तिनं प्लास्टिकचा कागद पसरला, पिंप कलता केला, हातमोजे घातले. शिळे पाव, फुटलेले दह्याचे डबे, काळी पडलेली केळी. मग ती कागदी रुमालाची पुरचुंडी. मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालतच तिनं ती उलगडली.

भातावर फुलं होती. पहाटे तिनंच कापलेली, केशरी, सहा पाकळ्यांची.

गाडी आली तेव्हा ती तशीच उकिडवी बसलेली होती. ड्रायव्हरनं विचारलं, "बरं नाही का काकू?" ती म्हणाली, "पाठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कपाटाचं काम निम्म्यावर सोडलं आणि मागच्या दाराशी दुधाच्या रिकाम्या क्रेटच्या थप्पीआड उभी राहिली. चिऊ आली. डबा उघडला, आतलं कागदी रुमालात काढलं, पिंपात ठेवलं. हो, ठेवलंच, टाकलं नाही. मग दुसऱ्या रुमालानं डबा पुसायला लागली. कोपऱ्यात बोट घालून एकेक शीत काढलं. स्वेटरची बाही वर सरकली होती. ते मनगट बघून काकूला आपल्या चष्म्याचा नंबर वाढलाय की काय असं वाटलं.

"चिऊ."

पोरगी दचकली. हातातून झाकण पडलं.

कान उपटायची भाषा केली होती ना काकूनं? तिचा हात खरोखरच कानाकडे गेला, आणि तिनं नुसते केस कानामागे सारले. केस बोटांना चिकटून तसेच हातात आले.

"कधीपासून?"

चिऊ डब्याचा कोपरा पुन्हा पुसायला लागली.

"नको होता तर सांगायचंस. दिला नसता डबा."

"सांगितलं होतं. तू रडलीस. मग दोन दिवस तूच जेवली नाहीस."

"म्हणून टाकायचं, बाळा? माझ्या लेकीनं?"

"रस्त्यावरच्या कचऱ्यात नाही गं टाकलं!" चिऊचा आवाज एकदम चिरका झाला. "एकदाही नाही. तूच म्हणतेस ना, या पिंपातलं वाया जात नाही, झाडांना जातं. म्हणून इथे येते. माझी बस चुकते, तरी इथेच येते."

काकूनं झाकण उचललं, पदराला पुसलं आणि लेकीच्या हातात दिलं.

काकू तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हा हट्ट नाही, आजार आहे, आणि मोठा आहे. उपचार लांबतील. दर आठवड्याला यायचं, आम्ही वजन बघू, तुम्ही घरी डब्यावरून भांडू नका. काकूनं सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर ती लेकीला एवढंच म्हणाली, "जेवढं जाईल तेवढंच खा. पण उरेल ते घरी आण. मला पुसलेला डबा नको, खरा डबा दे."

तेव्हापासून डबा भरलेला परत येऊ लागला.

महिना संपला. बाईंनी पुन्हा तपासणी केली आणि दुकान पास झालं. पाटी लावताना मालकानं काकूलाच पुढे केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी कौतुकानं विचारलं, "ते इतरमधलं घरचं जेवण एकदम थांबलं. काय केलंत?"

"घरी परत न्यायला सांगितलं."

"कोण होतं ते?"

"आपल्यातलंच," काकू म्हणाली.

"बायको बदलली असेल त्यानं," पाववाला म्हणाला, आणि सगळे हसले. सगळ्यांबरोबर काकूही हसली.

त्या संध्याकाळी तिनं ओट्यावर डबा उघडला. भात तसाच. अंडं तसंच. फुलांतलं एकही हललं नव्हतं. पाटी लागलेल्या दुकानातली ती बाई, तिला ते टाकवेना. ती डबा घेऊन टेबलाशी बसली आणि गार भात खायला लागली. चिऊ समोर येऊन बसली.

"आई, टाक ना ते."

"कुठे टाकू?"

चिऊनं टेबलावरचा एक ओरखडा बोटानं गिरवला. मग म्हणाली, "उद्या कमी दे. म्हणजे तुला संध्याकाळी कमी संपवावं लागेल."

काकूनं मान डोलावली. तोंडातला घास काही केल्या खाली उतरेना. लेकीच्या देखत तो बाहेर काढता येईना, म्हणून तिनं तसाच गालात दाबून धरला, आणि चिऊ उठून जाईपर्यंत चावल्यासारखं करत राहिली.