चोगलेकाकांचा रिलीव्हर

ऑफिसातले किस्से एसीच्या पाण्यासारखे साठतात. थेंब थेंब बादलीत पडत असतो, कोणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस कोणाचा तरी पाय बादलीत जातो! मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "तुझ्या त्या जहाजवाल्या ऑफिसातलं काहीतरी सांग ना, मजा येते." मी सांगते. त्या हसतात, मीही हसते. घरी आल्यावर मात्र जेवण जात नाही.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. पुण्याला बी.कॉम. करून मी दुबईला, अल मनखूलमध्ये आईबाबांकडे परत आले आणि बर दुबईतल्या एका छोट्या शिपिंग कंपनीत क्रू-क्लार्क म्हणून लागले. काम काय, तर खलाशांचे पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं. टेलिफोन वाजला तरी दचकणाऱ्या मुलीला तिथे दिवसभर टेलिफोनशेजारीच बसवलं होतं.

* * *

कंपनीची स्वतःची तीन मालवाहू जहाजं होती. रीम-वन, रीम-टू आणि रीम-थ्री. आणि गंमत म्हणजे ती समुद्राची नव्हतीच! कुठल्याशा थंड देशातल्या प्रचंड तळ्यावर खनिज वाहायला तिथल्या एका कारखान्याने ती बांधून घेतली होती. कारखाना बुडाला, जहाजं स्वस्तात निघाली, आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, घेतली. काही वर्षं त्यांनी आखातात सिमेंट आणि कांदे वाहिले. गोड्या पाण्याची जहाजं ती, खाऱ्या पाण्यात भराभरा गंजली. मग धंदाही बसला. शेवटी तिघींना खाडीत पार आत, दोन्ही पुलांच्या पलीकडे, रास अल खोरच्या बाजूला आणून एकमेकींना बांधून ठेवलं. पूल उघडणार पहाटे, तेही थोडा वेळ. बाकी आत पाणी म्हणून हलायचं नाही. खलाशी त्या जागेला तळंच म्हणायचे.

आमचे ऑपरेशन्स मॅनेजर केळकर साहेब. त्यांनी मला पहिल्यांदा होडीतून तिकडे नेलं तेव्हा म्हणाले, "तळ्यात जन्मली, तळ्यात परत आली. माहेरी आली म्हण ना!"

जूनचा महिना होता. केबिनमध्ये पाऊल टाकलं आणि मला गरगरायला लागलं. भिंती जाडजूड, दुहेरी; बर्फाच्या वाऱ्यात टिकाव धरायला केलेल्या. एसी नाही. प्रत्येक बिछान्यापाशी मात्र एकेक हीटर!

"हीटर अजून फर्स्ट क्लास आहेत हां," साहेब म्हणाले. "टेस्ट केलेत मी."

* * *

सुरुवातीला जहाजांवर बरीच माणसं होती. मग एकेक कमी होत गेला. कायदा असा की जहाज रिकामं सोडता येत नाही, कोणीतरी माणूस वर पाहिजेच. आणि उरलेल्या शेवटच्या माणसाला घरी जायचं तर त्याच्या जागी बदली माणूस आला पाहिजे. त्याला म्हणायचं रिलीव्हर.

तर सुटले कोण? एकाने केळकर साहेबांची कॉलर धरली. तो आठवड्यात सुटला. एकाने आचाऱ्याच्या डोक्यात पातेलं घातलं. तो आणि आचारी, दोघेही सुटले! एकाच्या अंगात रोज संध्याकाळी देवी यायला लागली. व्हिसाची सरकारी कामं करणारे आमचे पीआरओ बशीरभाई त्याला स्वतः एअरपोर्टवर सोडून आले. म्हणाले, "हबीबी, देवी का व्हिसा मेरे पास नहीं है।"

उरले शिवराम चोगले. हर्णैच्या बाजूचे, जहाजाचे सुखाणी, म्हणजे सुकाणू धरणारे. पन्नाशी उलटलेली. करार नऊ महिन्यांचा, आणि आता तिसरं वर्ष चालू होतं. किनारा समोर, तरी त्यावर उतरायचा पास नाही. एकट्याने तीन जहाजं सांभाळायची, पंपाने आतलं पाणी उपसायचं, दोर बघायचे. ते कधी भांडले नाहीत. काही सांगितलं की म्हणायचे, "बरं साहेब."

"असा माणूस शोधून सापडत नाही," केळकर साहेब म्हणायचे. "मी त्याला कसा सोडू?"

* * *

रीम-टूच्या जेवणाच्या खोलीत एक जुनी तसबीर स्क्रूने भिंतीला पक्की केलेली होती. आधीच्या मालकांच्या वेळची. पांढऱ्याशुभ्र बर्फात जहाज रुतलेलं आणि खांद्याला पिशव्या लावून हसत चाललेले पंधरा-वीस खलाशी.

एकदा साहेब आणि मी वर गेलो होतो तेव्हा चोगलेकाकांनी विचारलं, "साहेब, ही मानसं कुठं चाललीत?"

साहेबांना माहिती सांगायला आवडायची. "अहो, तिकडे हिवाळ्यात तळंच गोठायचं. जहाज हलणार कसं? मग कंपनी सगळ्या क्रूला घरी पाठवायची. बर्फ वितळला की परत बोलवायची."

चोगलेकाकांनी तसबिरीकडे पाहिलं, मग बाहेर पाण्याकडे पाहिलं. पाण्यावरून वाफा येत होत्या.

"आपल्याकडं कधी गोठतं, साहेब?"

साहेब एवढे हसले की त्यांना ठसका लागला! ऑफिसात येऊन त्यांनी हा जोक सगळ्यांना दोनदा सांगितला.

* * *

दर शुक्रवारी चोगलेकाकूंचा फोन यायचा. शेजाऱ्यांच्या घरून. शुक्रवार तिकडे सुट्टीचा, पण आमचं ऑफिस अर्धा दिवस उघडं आणि फोनवर मीच.

"बाय, त्ये कधी येतायत?"

"रिलीव्हर आला की लगेच, काकू."

"ह्यो रिलीव्हर म्हंजे कोन? त्याचं नाव तरी सांग. देवाला नारळ ठेवायचा तर नाव घ्यावं लागतं."

मी गडबडले. रिलीव्हर नव्हताच कोणी, तर नाव कुठलं सांगू? मी अडखळतेय बघून केळकर साहेबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "सुरेश!" म्हणाले. "सुरेश नाव आहे त्याचं. चांगला मुलगा आहे, वहिनी. येतोच आहे."

त्या दिवसापासून ऑफिसात सुरेश जन्माला आला. पुढच्या शुक्रवारी काकूंनी विचारलं, "सुरेश निघाला का?" साहेब म्हणाले, "मेडिकलमध्ये अडकलाय." मग सुरेशला कावीळ झाली. मग सुरेशचं लग्न ठरलं. सगळ्यांना चेव आला. जेवणाच्या सुट्टीत रोज सुरेशला नवीन काहीतरी व्हायचं. मी म्हटलं, "साहेब, त्यांना खरं सांगू या ना." साहेब म्हणाले, "खरं ऐकून बाई रडेल. तुला चालेल?" मला नव्हतं चालणार. ते त्यांना बरोब्बर माहीत होतं.

काविळीच्या वेळी गावाकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर कसल्याशा मुळीची पुडी आली. फडक्यात बांधलेली, हळदीकुंकू लावलेली. निरोप होता, "सुरेशला ताकातून द्या. तेल खायला देऊ नका."

ती पुडी साहेबांनी टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवली.

* * *

माझा धाकटा भाऊ तेव्हा सातवीत. शाळेची ट्रिप रास अल खोरला फ्लेमिंगो बघायला गेली होती. संध्याकाळी तो घरी आल्या आल्या आईने विचारलं, "काय काय पाहिलंस रे?"

"फ्लेमिंगोज. अँड वन अंकल ऑन अ शिप. ही वॉज वेव्हिंग लाइक क्रेझी! विथ हिज बनियन!"

मी चहाचा कप खाली ठेवला. "मग तुम्ही काय केलंत?"

"वी ऑल वेव्हड बॅक. टीचर ऑल्सो."

मी तशीच उठून बशीरभाईंना फोन लावला. ते होडी करून गेले. पिण्याचं पाणी दोन दिवसांपूर्वी संपलं होतं. जनरेटरचं डिझेल संपलेलं, म्हणून मोबाईल चार्ज नाही. पाण्याची बोट पाठवायची राहून गेली होती. राहून गेली म्हणजे, साहेबांना वाटलं मी सांगितली आणि मला वाटलं साहेबांनी.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याच्या बोटीबरोबर गेले. मी पाण्याचे कॅन मोजायला लागले. चोगलेकाकाच म्हणाले, "तुझा भाऊ व्हता व्हय त्यात? पोरं लई गोड व्हती, बाय. आनि सगळ्यांकडं दुर्बिनी."

* * *

मग रीम-टू विकायला काढली. भंगारवाला आला, शारजाचा, धिप्पाड माणूस. पत्र्यावर हातोडी मारत सगळं जहाज फिरला. नांगर बघितला, साखळी बघितली, इंजिन बघितलं. मग चोगलेकाकांकडे बोट करून म्हणाला, "और ये?"

केळकर साहेब म्हणाले, "ॲज इज, व्हेअर इज!" म्हणजे जसं आहे, जिथे आहे, तसं उचला.

सगळे खो खो हसले. भंगारवालाही हसला. चोगलेकाकांना इंग्रजी कळत नव्हतं, पण साहेब हसताहेत म्हणून तेही थोडे हसले.

खाली होडीत बसल्यावर मात्र भंगारवाला गंभीर झाला. माणसासकट जहाज घेतलं, तर त्याला गावी पाठवायची जबाबदारी नव्या मालकावर. "लोहा ले लूँगा," तो म्हणाला. "आदमी हटाओ, फिर फोन करो।"

म्हणजे माणसामुळे जहाज विकलं जाईना आणि जहाजामुळे माणूस सुटेना. मी हे हिंमत करून बोलून दाखवलं. साहेब कौतुकाने म्हणाले, "वा! हे तू अरबाबसमोर बोल, इंग्लिशमध्ये." आणि खलास, विषय संपला.

* * *

आता शेवटचा किस्सा.

एका शुक्रवारी काकू म्हणाल्या, "बाय, सुरेशच्या मागं लागू नका आता. त्याचा संसार नवा हाय. आमचा महेश येतोय." महेश त्यांचा मुलगा, चोवीस वर्षांचा, गावच्या मच्छीमार बोटीवर जाणारा. तो आपणहून मुंबईला आमच्या एजंटकडे गेला आणि म्हणाला, मला रीम-टूवर पाठवा. एजंटने आयुष्यात पहिल्यांदाच असं ऐकलं असणार!

केळकर साहेबांचा आनंद गगनात मावेना. "घरचा माणूस! शिकवायला नको, पळून जायची भीती नको. आणि चोगलेंना आधी काही सांगायचं नाही हां, सरप्राइज देऊ."

होडीत साहेब, बशीरभाई, मी आणि महेश. महेशने नवा शर्ट घातला होता. चोगलेकाका शिडीपाशी उभे होते. दाढी केलेली, पायाशी दोरीने बांधलेली बॅग. रिलीव्हर येतोय एवढंच त्यांना कळवलं होतं. महेश वर चढला, तेव्हा ते त्याच्याकडे बघतच राहिले. साहेब टाळ्या वाजवून म्हणाले, "सरप्राइज!"

"आई बरी हाय?" काकांनी विचारलं.

"बरी हाय. मावशी आलीय सोबतीला. तुम्ही जावा आता, बाबा."

जहाजांवर एक रीत असते. जाणाऱ्या माणसाने येणाऱ्याला काम करायला लावून बघायचं आणि हा चालेल असं सही करून द्यायचं. त्या सहीशिवाय बंदरातले लोक बदली मानत नाहीत. फॉर्म माझ्याच हातात होता. मी म्हटलं, "काका, इथे सही केलीत की झालं."

"थांब बाय. काम बघू दे."

मग त्यांनी महेशला पंप चालू करायला लावला. पहिल्या झटक्यात चालू झाला. तुटका दोर दिला. त्याने दोन्ही टोकं उलगडून एकमेकांत अशी विणली की जोड कुठे आहे ते मला दिसेना. शेवटी काका म्हणाले, "थ्रीवर दोर टाक." महेशने दोराचा फास केला, हात मागे नेला आणि फेकला, तो पलीकडच्या जहाजाच्या खुंट्यावर अलगद जाऊन बसला. बशीरभाई "माशाल्ला!" म्हणाले. साहेब म्हणाले, "बापसे बेटा सवाई!"

काका महेशला घेऊन खाली केबिनमध्ये गेले. बराच वेळ दोघे खाली होते. वर आले तेव्हा महेशच्या नव्या शर्टाची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. काकांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. टोपण काढलं, परत लावलं.

"साहेब, ह्याला काय येत नाय," म्हणाले. "परत पाठवा."

साहेबांना कळेचना. "अहो, काय बोलताय? आत्ता आमच्यासमोर केलं की त्याने सगळं!"

"नशिबानं झालं. काम कच्चं हाय."

"चोगले, हा तुमचा मुलगा आहे!"

"म्हनून तर सांगतो, साहेब. ल्हानपनापास्नं बगतोय."

महेश म्हणाला, "बाबा, अवो—"

"साहेब बोलतायत. मधी बोलू नको."

साहेब लाल झाले. ओरडले, हिंदीत, मराठीत, इंग्रजीत. मी दर ओरडण्याला दचकत होते. काका मान खाली घालून सगळं ऐकत राहिले. ओरडून झाल्यावर त्यांनी पेन माझ्या हातात ठेवलं, आपली बॅग उचलून महेशच्या खांद्याला अडकवली आणि वाकून खाली होडीत बघितलं.

"बशीरभाई, इसको नीचे लो। सीडी फिसलता है, संभालके। उसको आदत नहीं है।"