बातमाकानला जे शिकायचं होतं

बातमाकानचं उभं आयुष्य लोकर भिजवून, मळून तिचे नमदे, म्हणजे जाड गालिचे, करण्यात गेलं. नवरा गेला तेव्हा पदरात उरलं काय, तर सासू आणि दोन गाई. जनावरांचा डॉक्टर खिंडीपलीकडे. तो पोचेतो गाय थंड झालेली असायची. गेल्या हिवाळ्यात एक गेलीच, वासरू पोटात आडवं आलं म्हणून. दुसरी आता गाभण होती. आडवं वासरू वळवतात कसं, एवढं कुणी शिकवलं तर बातमाकान जन्मभर त्याचं नाव काढणार होती.

अशात शहरातल्या एका संस्थेकडून नुरजामाल आली, गावच्या बायकांना काय शिकायचंय ते विचारायला. तिच्यापुढे रोटी, साय, चहा मांडला. पण आमच्यात थोरलीआधी धाकटीनं तोंड उघडायचं नाही, आणि पाहुण्यापुढे घरची रड गायची नाही. थोरली म्हणजे बातमाकानची सासू, काल्बूबू आपा.

"आम्हाला काय कमी आहे, पोरी? तू काय आणलंयस ते सांग."

"नमदे शिकवणारी बाई आहे आमच्याकडे."

"अगंबाई! हेच तर हवं होतं आम्हाला!"

शेजारच्या सायराकानने बातमाकानला कोपर मारलं. "बोल की गाईचं!"

"सासूच्या तोंडावर? तूच बोल."

"माझी सासू काय आंधळी आहे? बघ, डोळे वटारून बसलीय!"

नुरजामालचं लक्ष बातमाकानकडे गेलं. थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं ती म्हणाली, "एजे, तुम्हाला काही सांगायचंय?"

सगळ्या माना वळल्या. बातमाकानने पेला पुढे सरकवला. "चहा घ्या. गार होतोय."

वसंतात नमदेवाली आली. पोरगी गुणी, पण लोकर भिजवताना तिचीच बाही भिजायची. म्हाताऱ्या तिला "वा, वा" म्हणत होत्या. मधेच गोठ्यातून हंबरडा आला. बातमाकान धावली. वासराचा एकच खूर बाहेर आलेला दिसत होता. तिनं हात आत घातला. कुठे ढकलायचं, कुठे ओढायचं, काही उमजेना. खिंडीपलीकडे निरोप धाडला. डॉक्टर आला तेव्हा गायही गेली होती, वासरूही.

काल्बूबू आपा गोठ्याच्या दाराशी उभी राहिली.

"तेव्हाच बोलायचं होतंस गं."

"तुम्ही बोलत होतात ना, आपा."

घरात नमदेवाली निघायच्या तयारीत होती. शिकवणं कसं वाटलं, म्हणून तिनं विचारलं. बातमाकानने हात धुतले, पुसले.

"छान," ती म्हणाली.