घोड्याला पाणी कवा पाजलं?

माझ्या बायकोच्या मामांइतका कडक चित्रपट-समीक्षक अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांनी आयुष्यात पाहिलेले चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तरुणपणी निमगाव केतकी ते इंदापूर टांगा हाकलेला हा माणूस. टांगा गेला, घोडी गेली, पण पाणी पाजण्याचा सोस काही गेला नाही. दारात आलेल्याला "या" म्हणण्याआधी त्याच्या हातात तांब्या येतो. एकदा थांब्यावरच्या एसटीच्या ड्रायव्हरला त्यांनी "हिला पाणी दावलं का?" असं विचारलं आणि तो रेडिएटर उघडून दाखवीपर्यंत बाजूला झाले नाहीत. माझ्या लग्नात तर कहर केला. मारुतीच्या पाया पडून मी घोडीवरून मांडवाकडे निघालो होतो, भटजी हाका मारत होते, आणि मामा बादली पुढे करून शीळ घालत होते. जनावर पाण्याला लावलं की आमच्याकडे हलकी शीळ घालतात. त्याशिवाय ते पोटभर पीत नाही. घोडी निवांत प्याली, मुहूर्त टळला. "मुहूर्त काय, दुसरा बी गावंल," मामा म्हणाले. सासूबाईंनी भावाला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

बारामतीच्या एका साप्ताहिकात मी सिनेमांवर लिहितो. परवा अमेरिकी घोडेस्वारांचा एक सिनेमा आला, हिंदीत बोलणारा. आमच्याकडे राहायला आलेल्या मामांना मी दुपारच्या खेळाला नेलं. काय ते डोंगर, काय ती तांबडी धूळ! डोळ्यांचं पारणं फिटलं. कथेच्या नावानं मात्र आनंद. नायक सूड उगवायला तीन दिवस माळरान तुडवतो. कशाचा सूड, ते दिग्दर्शकालाच ठाऊक. मध्यंतरात मामा ताडकन उठले.

"तीन दिस झालं, घोड्याला पाणी कवा पाजलं?"

"मामा, सिनेमात सगळं दाखवत नाहीत."

"सोता चार डाव दारू ढोसलेली दावली की!"

ते तरातरा बाहेर पडले. घरी येऊन निकाल दिला, "डाळिंब वरनं लालभडक, फोडलं की दाणं पांढरं." एवढं नेमकं मला सुचलं नसतं. मी ते वाक्य मुकाट्यानं लेखात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा टोपी घालून तयार. "जावई, लेख धाडू नगा. अर्धं बघून निकाल द्यायचा न्हाय. घोडं प्यालं का न्हाय, ते बघितल्याबिगर मी गावाला जायचा न्हाय."

मी कुरकुरलो. तेव्हा मामा खाली बघत म्हणाले, "टांग्यात वऱ्हाड हुतं, त्येंची घाई हुती. हौदावर थांबलो न्हाय. माझी घोडी, चंद्री, इंदापूरच्या येशीत पडली ती उठलीच न्हाय."

लग्नातल्या त्या बादलीवर मी इतकी वर्षं हसत आलो होतो. मला फार लाज वाटली. मी चपला घातल्या.

सिनेमाच्या शेवटाकडे एक नदी येते. पाण्यात तांबडं आभाळ, काठावर नायक कुणाची तरी आठवण काढत उभा, मागे घोडा. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि हलकी शीळ घातली. मागच्या पोरांना वाटलं, म्हातारा हिरोवर खूश झाला. त्यांनीही शिट्ट्या सुरू केल्या. थिएटर दणाणलं, आणि त्या गोंगाटात घोड्यानं मान खाली घालून पाण्याला तोंड लावलं. दोनच घोट, की लगेच गोळीबार.

"प्यालं," मामा म्हणाले. "पोटभर न्हाय, पर प्यालं." बाहेर आल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मला बजावलं, "शिनेमा बरा हाय म्हणून लिवा. पाणी उशिरा पाजलं, त्ये बी लिवा."

संध्याकाळी त्यांना गावी सोडायला निघालो. निमगाव आलं तरी "जरा म्होरं घ्या" म्हणाले. इंदापूरच्या रस्त्याला जुना हौद आहे, आता कोरडा, बाभळीच्या पाल्यानं भरलेला. मामा उतरले, हौदाच्या काठावर हात टेकून उभे राहिले आणि त्यांनी शीळ घातली. मला बारामतीला परतून लेख पुरा करायचा होता. मी गाडी बंद केली आणि त्यांचं होईपर्यंत बसून राहिलो.