शिंपले चढलेली रिंग
कुरडयांचा चीक शिजायला लागला की त्याच्या आंबूस वासाबरोबर मला मिरजगावचं आमचं अंगण आठवतं. सासूबाई चुलीवर चीक हाटत होत्या, मी सोऱ्या धुऊन कुरडया वाळत घालायला बाजा मांडत होते. हे मालवाहू बोटीवर नोकरीला, आणि बरेच दिवस फोन नव्हता. तेवढ्यात कोकणात सहलीला गेलेल्या चुलत दिरांनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. वाळूत पडलेली केशरी रिंग, बुडणाऱ्याला वाचवायला टाकतात तसली, आणि तिच्यावर ह्यांच्याच बोटीचं नाव. खाली लिहिलेलं, ‘वहिनी, दादाची बोट हीच ना?’ मी लगेच फोन लावत सुटले. ह्यांचा फोन लागेना. सासूबाईंनी फोटो बघितला आणि हाटणं थांबवलं. चीक करपला, तरी चुलीतलं लाकूड कोणी मागं ओढलं नाही. उन्हं कलल्यावर ह्यांचाच फोन आला. मी फोटोचं सांगितलं. “अगं, ती रिंग मागल्या वर्षी आफ्रिकेजवळ वादळात पडलेली. समुद्रातही पाटासारखे प्रवाह असतात, त्यांनी वाहून आणली. बरेच महिने पाण्यात राहिली की शिंपले चढतात, बघ तिच्यावर.” चढले होते, घाबरून मी नुसतं नावच वाचलं होतं. सासूबाईंनी फोन ओढून घेतला. “आरं, रिकामी रिंग एवढ्या लांबून घराकडं आली, आन् तुला यायला जमंना व्हय?”  हे दिवाळीला आले. तरी अजून चीक रटरटायला लागला की मी आधी मोबाईल पालथा ठेवते.