कामाला लागलेल्या मुली
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला मुनिरका वस्तीतल्या तळघरातलं ते शिवणकेंद्र आठवतं. आमच्या अशा केंद्रांत शिवण शिकलेल्या मुलींपैकी किती कामाला लागल्या, हे प्रत्येक केंद्र आपापल्या सोयीने मोजायचं. सगळ्यांची मोजणी एकसारखी करायला ऑफिसने मला पाठवलं होतं. यादीतल्या एका मुलीला तिथूनच फोन लावला. ट्रेनिंगच्या ऑफिसातून बोलतोय म्हटल्यावर ती घाईने म्हणाली, "सर, नौकरी के लिए फोन किया है?" मी फोन ठेवला आणि साहेबांना कळवलं, हिला काम नाही. साहेब म्हणाले, "यार, घर पे तो सिलती होगी. स्वरोजगार लिखो, और हर सेंटर में यही रूल लगाओ." मी तिच्या नावापुढे स्वयंरोजगार लिहिलं आणि ती कामाला लागलेल्यांत मोजली गेली. त्या वर्षी आमचे आकडे पहिल्यांदाच सगळीकडे जुळले. आता तो नियम नव्या लोकांना मीच शिकवतो.