मिलिंद पोहायला गेला नव्हता

फोन आला तेव्हा मी हट्टा गावी शेतात शिजवलेली हळद वाळत घालत होते. "ताई, मिलिंद सर पोहायला उतरले अन्... बुडाले," पलीकडून कुणीतरी म्हणालं. त्यातलं निम्मंच खरं होतं. माझा धाकटा भाऊ बुडाला होता. पोहायला मात्र तो उतरला नव्हता. महिना उलटला, तरी भेटेल तो म्हणतो, एवढा पट्टीचा पोहणारा, पण मोह आवरला नाही. ते ऐकून अंगाचा तिळपापड होतो, म्हणून लिहायला बसले.

बाबांनी त्याला विहिरीत शिकवलं, पाठीला वाळका भोपळा बांधून. मला त्यानं शिकवलं. "पोरीला काय करायचं पोहून?" म्हणणाऱ्या आईशी भांडून. पण काठावर कुणी कोरडं माणूस उभं असल्याशिवाय त्यानं मला कधी पाण्यात पाय टाकू दिला नाही. हिंगोलीच्या शाळेत खेळाचा शिक्षक झाल्यावरही हा हट्ट सुटला नाही. लोक भित्रा म्हणायचे, तो हसायचा.

वारंगा फाट्याच्या पलीकडं एका तलावावर युवक मंडळाचं शिबिर होतं. मिलिंदला मदतीला बोलावलं. सकाळी काठावर एकाला उभं करून तो पाण्यात चालून तळ बघून आला. तलाव आटला असताना कुणी मुरूम उपसलेला. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खड्ड्यात. तो शिबिरप्रमुखाला म्हणाला, "अर्धा घंटा द्या. फाट्यावरून दोर अन् ट्यूबा आणतो. तोवर एक बी लेकरू आत जाऊ देऊ नका."

"सर, काहून पोरांना भेव घालून राहिले? जा, आणा."

तो गेला, आणि प्रमुखानं शिट्टी वाजवून पोरं पाण्यात सोडली. का, तर जेवण लवकर उरकायचं होतं!

पुढचं अकरावीतल्या पल्लवीनं घरी येऊन सांगितलं. "आमी दोघी खड्ड्यात गेलो. तेवढ्यात सर फाट्यावरून आले, गाडी तशीच टाकून दिली. दोराचं टोक काठावरच्या पोरांकडं देऊन आत आले. मैत्रिणीच्या हातात दोर दिला, मंग माझ्याकडं आले. मी घाबरून त्यांच्या गळ्यालाच मिठी मारली... त्यांनी मला दोराकडं ढकललं. मंग सर दिसलेच न्हाईत." तिला मी जवळ घेतलं. तिचा कसला दोष?

शोकसभेत प्रमुखानं मिलिंदला वीर म्हटलं आणि शेवटी उसासा टाकला, "वेळच आली होती."

मी उठले. "वेळ आली न्हवती. त्यानं अर्धा घंटा मागितला व्हता. काहून दिला न्हाई?"

कुणीतरी पदर ओढून मला खाली बसवू लागलं. मी बसले नाही. माझ्या भावाला वीर व्हायचं नव्हतं. सगळी लेकरं संध्याकाळी गाडीत बसवून त्याला घरी यायचं होतं.

मागच्या आठवड्यात प्रमुख मिलिंदच्या घरी आला, मी तिथंच होते. पुढच्या शिबिराला मिलिंदचं नाव द्यायचंय, बॅनरसाठी फोटो हवा होता. दारात मिलिंदच्या चपला होत्या, काठावरून आणलेल्या. एक सरळ, दुसरी लांब, उलटी पडलेली. धावता धावता त्यानं भिरकावल्या तशाच त्याच्या बायकोनं, शोभानं, तिथं ठेवल्यात. घरात उलटी चप्पल ठेवत नाहीत, हे तिला ठाऊक आहे. आत येता येता प्रमुख ती सरळ करायला वाकला.

शोभा कडाडली, "हात लावू नका! त्यांनी घाईत काढल्यात. तशाच राहू द्या."

तो उंबऱ्याबाहेरच थांबला. कुणी त्याला आत या म्हटलं नाही.